तीनशे बाइट्सचा आगाऊपणा

"गळ्याशप्पथ सांगतो, मी म्यू पकडलाय. लेव्हल सातचा!"

२००८ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत, साताऱ्याला आजोळी, माझ्या मावसभावाने हे वाक्य उच्चारलं आणि पुढची निदान पाच-सहा वर्षं 'फेकू' ही पदवी पदरात पाडून घेतली. आम्ही सात-आठ भावंडं गच्चीवर गाद्या टाकून झोपायचो. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन पाहून सगळीच बिघडलेली. त्यामुळे म्यू ही काय चीज आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं आणि म्यू कुणालाच मिळत नाही, हेही ठाऊक होतं. दादा तेव्हा चौदा वर्षांचा. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून एम्युलेटरवर 'पोकेमॉन रेड' खेळायचा. (गेमबॉय आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.)

"मग दाखव की," आम्ही म्हणालो.

"कसा दाखवू? कॅफेवाल्याने कालच मशीन फॉरमॅट केलं."

झालं! अशी एकजात हशा पिकली की खालून आजोबा ओरडले. त्या हशावर मी आणखी एक टोला मारला. "दादा, फेकायचं तर निदान नीट फेक. एवढा दुर्मिळ पोकेमॉन कधी लेव्हल सातचा असतो का?" मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजायचो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेले दोन-तीन महिने मला शनिवार-रविवारी जुन्या गेम्सचा कोड वाचायचं वेड लागलंय. वाचता वाचता म्यूपर्यंत पोचलो आणि वाटलं, की ही गोष्ट एकदा नीट लिहून काढायला हवी. पोकेमॉन न पाहिलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण ही गोष्ट जितकी एका काल्पनिक प्राण्याची आहे, तितकीच ती आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसांची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सातोशी ताजिरी नावाचा एक जपानी मुलगा टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढला. त्याला लहानपणी किडे पकडायचा प्रचंड नाद. पुढे शहर वाढलं, शेतं-डबकी बुजली, किडेही गेले. ताजिरी व्हिडिओ गेम्सकडे वळला. १९८३ साली त्याने गेम्सवर 'गेम फ्रीक' नावाचं हौशी मासिक काढलं. त्यात चित्रं काढायला केन सुगिमोरी येऊन मिळाला. १९८९ साली त्याच मासिकाची गेम बनवणारी कंपनी झाली. त्याच वर्षी निन्टेंडोचा गेमबॉय बाजारात आला. दोन गेमबॉय जोडायची एक केबल मिळायची. ती बघून ताजिरीच्या डोक्यात आलं, की या वायरमधून किडे इकडून तिकडे गेले तर? पकडायचे, पाळायचे आणि मित्राशी अदलाबदल करायची. पोकेमॉनचं मूळ हे असं आहे.

कल्पना सुचायला एक क्षण लागला, गेम बनायला साधारण सहा वर्षं लागली. मधल्या काळात कंपनीची आर्थिक ओढाताण झाली, काही लोक सोडून गेले. अखेर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात 'पोकेमॉन रेड' आणि 'पोकेमॉन ग्रीन' हे दोन गेम्स एकदम आले. दोन का? तर काही पोकेमॉन फक्त एकात आणि काही फक्त दुसऱ्यात. म्हणजे सगळे गोळा करायचे तर मित्र हवाच! दोन आवृत्त्यांमागे मारिओचा जनक शिगेरू मियामोतो याची सूचना होती. एकूण पोकेमॉन १५०. निदान जाहीर आकडा तरी १५०.

आता त्या कार्ट्रिजची साइज बघा. मूळ जपानी रेड-ग्रीनचा अख्खा गेम ५१२ केबीचा, म्हणजे अर्धा एमबी! आज मोबाइलवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. त्या अर्ध्या एमबीत गावं, गुहा, लढाया, संगीत, दीडशे प्राण्यांची चित्रं आणि सगळे संवाद. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसतात तसा एकेक बाइट तिथे अंग चोरून बसलेला होता.

शिगेकी मोरिमोतो हा गेम फ्रीकमधला प्रोग्रॅमर. लढायांचा भाग त्याच्याकडे होता. काम संपत आलं, टेस्टिंग उरकलं आणि गेममधून डीबगिंगचा कोड काढून टाकला गेला. हा कोड म्हणजे टेस्टरना हवं तिथे उडी मारता यावी वगैरे सोयी. घर बांधून झालं की परांची उतरवतात ना, तसंच. परांची उतरल्यावर थोडी जागा मोकळी झाली. किती? सुमारे ३०० बाइट्स.

३०० बाइट्स म्हणजे किती ते आपल्या भाषेत सांगतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट्स लागतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे ३०० बाइट्समध्ये फक्त शंभर चिन्हं बसतात. हा परिच्छेद काही त्यात मावणार नाही.

मोरिमोतोने ती जागा बघितली आणि तिथे एक प्राणी बसवला. क्रमांक १५१, म्यू.

उंची ४० सेंटिमीटर, वजन ४ किलो, लांब शेपूट, मांजरासारखं तोंड. जात 'सायकिक'. ताकद, बचाव, वेग असे जे काही गुण असतात त्या सगळ्यांचा मूळ आकडा बरोब्बर १००. शिवाय गेममध्ये यंत्राने शिकवता येणारी प्रत्येक चाल तो शिकू शकतो. थोडक्यात, सर्वगुणसंपन्न बाळ.

हे नाव अगदीच आकाशातून पडलेलं नव्हतं. गेमच्या कथेत सिनाबार बेटावर एक जळका, ओसाड वाडा आहे. तिथे शास्त्रज्ञांच्या डायरीची पानं सापडतात. ५ जुलैच्या पानावर दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात नवा पोकेमॉन सापडल्याची नोंद. १० जुलैला त्याचं नाव म्यू ठेवल्याची. ६ फेब्रुवारीला म्यूने पिल्लाला जन्म दिल्याची, ज्याचं नाव म्यूटू. आणि १ सप्टेंबरला, म्यूटू आता कुणाला आवरत नाही अशी कबुली. म्यूटू गेममध्ये शेवटी एका गुहेत भेटतो, त्याला पकडताही येतं. म्यू मात्र फक्त डायरीत. पुराणातल्या पूर्वजासारखा तो होऊन गेला एवढंच माहीत असायचं, दर्शन नाही.

आता मोरिमोतोने जे केलं ते आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर असं : कोड फ्रीझ झालेला, टेस्टिंगचा शिक्का पडलेला, आणि एका डेव्हलपरने उठून कुणी न मागितलेलं फीचर प्रॉडक्शनमध्ये टाकलं. तेही कार्ट्रिजवर, म्हणजे एकदा छापलं की संपलं. पॅच नाही, हॉटफिक्स नाही, रोलबॅक नाही. त्याने नंतर २००९ साली एका मुलाखतीत स्वतःच हसत कबूल केलं, की टेस्टिंग झाल्यावर गेमला हात लावायचा नाही असं बजावलेलं असतं आणि असला प्रकार आजच्या काळात कल्पनेतही शक्य नाही. ही मुलाखत घेणारे सातोरु इवाता हे तेव्हा निन्टेंडोचे अध्यक्ष आणि मुळात हाडाचे प्रोग्रॅमर. पुढे लढाईचा हाच कोड निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी नव्याने लिहायचा होता, तेव्हा इवातांनी कसलंही डॉक्युमेंट हातात नसताना तो नुसता वाचून साधारण आठवड्याभरात काम केलं होतं. त्यामुळे मोरिमोतोच्या कबुलीचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा नीट कळला असणार.

आणि घाई कोडमध्ये दिसते हो! चाहत्यांनी इंग्रजी 'रेड'चा कोड पुढे ओळ अन् ओळ उलगडून ठेवला आहे, तो मी वाचला. प्रत्येक पोकेमॉनची मूळ माहिती २८ बाइट्सची. पहिल्यापासून दीडशेव्यापर्यंत सगळे एका तक्त्यात शिस्तीत ओळीने उभे. मग १५१ वा? तो त्या तक्त्यात नाहीच! तो मेमरीच्या भलत्याच कप्प्यात एकटा पडलाय. आणि माहिती काढणाऱ्या फंक्शनमध्ये एक खास अट टाकलेली आहे : मागितलेला प्राणी म्यू असेल तर तिकडे बघ, नाहीतर नेहमीच्या तक्त्यात. चित्र उघडणाऱ्या फंक्शनमध्येही तशीच अट. अशा अटी तुम्ही-आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता टाकतो आणि शेजारी 'नंतर नीट करू' अशी कॉमेंट लिहितो. ती कॉमेंट न लिहिताही मला दिसली. :)

खरं सांगायचं तर मी या बाबतीत मोरिमोतोच्या विरुद्ध पार्टीतला माणूस. गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने फ्रीझनंतर असाच एक बदल ढकलला होता. "अरे, दोनच ओळी आहेत," म्हणाला. मी तो बदल परत पाठवला आणि वर अर्धा तास प्रवचन दिलं. तेव्हा माझं बरोबर होतं आणि आजही तेच करीन. कारण मोरिमोतोच्या आगाऊपणाचं पुढे सोनं झालं, ते त्या ३०० बाइट्समुळे नाही. सोनं झालं ते नंतर काही लोकांनी त्या चुकीचं काय करायचं ठरवलं, त्यामुळे.

योजना अशी होती की म्यू कुणाला दिसणारच नाही. घरातल्या घरात केलेली गंमत. तसंच योग्य कारण मिळाल्याशिवाय त्याला बाहेर काढायचं नाही, असं ठरलेलं. पण गेममध्ये बग्ज होते. जपानी आवृत्तीत सिलेक्ट बटणाशी खेळून नको नको ते करता यायचं. आणि काही मुलांच्या गेमबॉयवर, कुठल्याही यादीत नसलेला एक प्राणी अचानक समोर येऊन उभा राहिला.

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. पुस्तकात १५० प्राणी. शाळेत जाऊन सांगता, की मी १५१ वा पाहिला. कोण विश्वास ठेवणार? काही जण हसले असतील, काहींनी घरी जाऊन रात्रभर खटाटोप केला असेल. अफवा अशीच पसरते. अर्धे लोक खोटी म्हणून सांगतात, अर्धे खरी म्हणून, पण सांगतात सगळेच.

गेमचा निर्माता होता त्सुनेकाझु इशिहारा. त्याच्यासमोर दोन मार्ग होते. एक, 'असा कुठलाही पोकेमॉन नाही' असा खुलासा करून मोकळं व्हायचं. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं ठरलं असतं, पण तसे खुलासे कंपन्या सर्रास करतात. दुसरा, आहे म्हणून सांगायचं. त्यांनी दुसरा निवडला. 'कोरोकोरो कॉमिक' हे शोगाकुकान प्रकाशनाचं मुलांचं जाडजूड मासिक. १५ एप्रिल १९९६ रोजी, म्हणजे गेम येऊन दोन महिनेही झाले नसताना, त्यात घोषणा झाली : सोडतीत निवडलेल्या वीस वाचकांना म्यू मिळेल. वीसच! ज्यांचा नंबर लागेल त्यांनी आपलं कार्ट्रिज पाठवायचं, त्यात म्यू घालून परत मिळेल.

वीस जागांसाठी सुमारे ७८ हजार अर्ज आले.

गेमबॉय तेव्हा सात वर्षांचा जुना, हिरवट पडद्याचा डबा. त्याच वर्षी जूनमध्ये निन्टेंडोचंच नवं कोरं निन्टेंडो ६४ जपानात येणार होतं. अशा वेळी गेमबॉयवरच्या गेमकडून फार मोठ्या अपेक्षा कुणी ठेवलेल्या नव्हत्या. पण इशिहाराने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, आधी महिन्याला जेवढा खप व्हायचा तेवढा आता आठवड्याला होऊ लागला आणि मग त्याच्याही तिप्पट-चौपट झाला. नेहमी गेमचा खप पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि मग उतरत जातो. इथे उलटंच. ऑक्टोबर १९९६ मध्ये 'ब्लू' आवृत्ती आली, तीही आधी कोरोकोरोच्या वाचकांना टपालाने. १ एप्रिल १९९७ पासून टीव्हीवर मालिका. जुलै १९९८ मध्ये पहिला सिनेमा, त्यात गोष्ट म्यूटूची आणि त्याच्यासमोर उभा म्यू. कुणालाही दिसू नये म्हणून लपवलेला प्राणी अडीच वर्षांत मोठ्या पडद्यावर! या पहिल्या गेम्सच्या एकट्या जपानात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

इथे इतिहासाची एक गंमत आहे. १९९९ साली ताजिरीने 'टाइम' मासिकाला मुलाखत दिली. त्यात तो म्यूबद्दल बोलताना म्हणतो, की या लपलेल्या प्राण्यामुळे अफवा आणि दंतकथा तयार झाल्या आणि लोकांचा रस टिकला. वाचताना वाटतं, वा, काय डोकं लावलं! पण दहा वर्षांनी इशिहारा सांगतो, की लोकांना हे सगळं ठरवून केल्यासारखं वाटलं तरी ते तसं नव्हतं. त्यात बऱ्याच जणांना त्रास झाला आणि त्याबद्दल तो चक्क दिलगिरी व्यक्त करतो. यशाला मागून योजनेचे कपडे आपोआप चढतात. आमच्याकडे प्रोजेक्ट संपल्यावर जे प्रेझेंटेशन होतं त्यातही प्रत्येक अपघात 'स्ट्रॅटेजी' या नावाने बसलेला असतो. म्हणून मला इशिहाराची कबुली जास्त आवडली.

जपानबाहेर मात्र गोष्ट वेगळी घडली. अमेरिकेत 'रेड' आणि 'ब्लू' सप्टेंबर १९९८ मध्ये आले. म्यू आत होताच, पण अधिकृतपणे तो फक्त ठरावीक कार्यक्रमांतून वाटला जायचा. मग मुलांनी स्वतःच्या वाटा शोधल्या. सगळ्यांत गाजलेली अफवा ट्रकची. वर्मिलियन सिटीच्या बंदरावर एक जहाज लागतं, एस. एस. ॲन. त्याच्या बाजूला पाण्यापलीकडे एक ट्रक उभा आहे. अख्ख्या गेममध्ये दुसरा ट्रक नाही. तिथे जायला पाण्यावरून जाता यावं लागतं आणि ती विद्या मिळेपर्यंत जहाज निघून गेलेलं असतं, मग बंदराचा रस्ताच बंद. त्यामुळे नाना लटपटी करून तिथे पोचायचं आणि 'स्ट्रेंग्थ' ही चाल वापरून ट्रक सरकवायचा, की खाली म्यू! मीसुद्धा हे केलंय. ट्रक हलत नाही. त्याच्या खाली काहीही नाही. जगभरातल्या लाखो मुलांनी तो ट्रक ढकलला असेल आणि प्रत्येकाला वाटलं असेल, की आपलंच काहीतरी चुकलं.

ट्रकने पोळलेली आमची पिढी मग म्यूच्या नावाने काहीही ऐकलं तरी फुंकून प्यायची. आणि इथेच घोळ झाला. कारण २००३च्या सुमाराला इंटरनेटवर एक नवी कृती फिरू लागली. वाचायला ती ट्रकपेक्षाही हास्यास्पद होती. सेरुलियन सिटीच्या उत्तरेला जायचं. गवतात उभा असलेला एक ट्रेनर तुम्हाला बघणार त्याच क्षणी स्टार्ट दाबायचं आणि ॲब्राच्या 'टेलिपोर्ट'ने पळ काढायचा. मग पुढच्या रस्त्यावर स्लोपोक बाळगणाऱ्या एका पोराशी लढायचं. परत टेलिपोर्ट करून सेरुलियनला यायचं आणि उत्तरेला चालू लागायचं. मेन्यू आपोआप उघडेल, तो बंद करा. समोर म्यू.

मंडळी, ही कृती खरी आहे! आणि ती का चालते हे समजलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

पहिल्या ट्रेनरने तुम्हाला पाहिलं, पण लढाई व्हायच्या आधीच तुम्ही पळालात. गेमच्या डोक्यात 'एक लढाई बाकी आहे' ही खूण तशीच राहिली. ती कुणाशी, हे एका ठरावीक बाइटमध्ये लिहिलेलं असतं. २०० च्या वरचा आकडा म्हणजे ट्रेनर, खालचा म्हणजे जंगली पोकेमॉन. पण मेमरी एवढीशी, की तीच जागा लढाई चालू असताना दुसऱ्या कामाला वापरतात. (सी शिकलेल्यांनी 'युनियन' आठवावं.) लढाईत त्या बाइटमध्ये समोरच्या पोकेमॉनचा 'स्पेशल' हा गुण लिहिला जातो. आता त्या पोराचा स्लोपोक लेव्हल १७ चा. गणित करा : स्लोपोकचा मूळ स्पेशल ४०, त्यात ट्रेनरच्या पोकेमॉनला ठरलेले ८ मिळवा, झाले ४८. दुप्पट ९६. गुणिले १७, भागिले १०० म्हणजे १६.३२. अपूर्णांक सोडा, १६. त्यात ५ मिळवा. २१.

आणि गेमच्या अंतर्गत यादीत २१ क्रमांकाला कोण बसलंय? विसाव्या जागी आर्केनाइन, बाविसाव्या जागी गॅराडॉस आणि मध्ये म्यू! ही यादी पोकेडेक्सच्या क्रमाने नाही. पहिला नंबर ऱ्हायडनचा आहे आणि १९० जागांपैकी ३९ रिकाम्या. त्यातल्या एकविसाव्या खोलीत म्यू राहतो, आणि रस्त्यावरच्या एका किरकोळ पोराचा स्लोपोक नेमका त्या खोलीची किल्ली घेऊन उभा आहे. हा शुद्ध योगायोग गेमच्या पहिल्या दिवसापासून तिथे होता. १९९८ साली ट्रक ढकलणाऱ्या मुलांच्या हातातल्या कार्ट्रिजमध्येही होता. म्हणजे म्यू पकडता येतो हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, फक्त जागा चुकली.

आता शेवटची गोष्ट. म्यू समोर आला, पण तो कितव्या लेव्हलचा? ती लेव्हल शेजारच्या बाइटमधून उचलली जाते. लढाईत त्या बाइटमध्ये समोरच्या पोकेमॉनच्या 'अटॅक'ची पायरी लिहिलेली असते. ही पायरी १ पासून १३ पर्यंत असते. काही घट-वाढ झालेली नसेल तर मधली पायरी.

१ ते १३ ची मधली पायरी म्हणजे ७.

लेव्हल सात.

हे वाचलं तेव्हा रविवारची रात्र होती, साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कॉल. तरीही मी दादाला फोन लावला. दादा आता कोल्हापुरात असतो, दोन मुलींचा बाप आहे. इतक्या रात्री फोन म्हटल्यावर आधी तो घाबरलाच. "काय रे, आई बरी आहे ना?"

"दादा, तू २००८ ला म्यू पकडला होतास ना? लेव्हल सातचा?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "हो. तो स्लोपोकवाला पोरगा होता त्याच्याशी लढून. कॅफेत एका साइटवरून वहीत उतरवून घेतलं होतं. तीन दिवस लागले मला, पहिल्यांदा टायमिंगच जमेना."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस हे?"

"सांगितलं होतं रे. तुम्ही हसत होता."

मला खरंच आठवत नव्हतं. आमचं हसणं आणि माझा लेव्हल सातवरचा टोला आठवत होता. त्याने काय सांगितलं ते मात्र अजिबात नाही. सोळा-सतरा वर्षं घरच्या प्रत्येक लग्नात त्याच्या बोलण्यावर कुणीतरी "फेकू" म्हणायचं आणि तो हसून सोडून द्यायचा. त्याच्या खरेपणाचा एकमेव पुरावा म्हणजे तो आकडा, ७, आणि त्यावरूनच मी त्याला खोटं ठरवलं होतं. ट्रकची अफवा खोटी निघाली म्हणून आम्ही स्लोपोकची कृती न करताच खोटी ठरवली. पंधरा रुपये आणि एक तास खर्च केला असता तर कळलं असतं.

इशिहारापुढे अफवा आली तेव्हा तो कोडमध्ये काय आहे ते जाणून होता, म्हणून त्याने 'नाही' म्हटलं नाही. आमच्यापुढे आली तेव्हा आम्हाला कोड वाचता येत नव्हता, पण 'नाही' म्हणायची घाई मात्र भारी होती. आता कोड वाचता येतो. घाई थोडी कमी झाली असावी, अशी आशा. (तो नवा मुलगा वाचत असेल तर : तुझा तो बदल अजूनही नामंजूर आहे. पण तू नक्की काय करायला बघत होतास ते मी विचारलंच नव्हतं. सोमवारी चहाला ये.)

असो, बरंच लांबलं. दिवाळीला सगळी भावंडं साताऱ्याला जमणार आहोत. लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून ठेवलाय, सेरुलियनपर्यंत गेम खेळून ठेवलाय, ॲब्राही पकडलाय. पुढचं दादा करणार आहे, सगळ्यांसमोर. मी फक्त शेजारी बसून माफी मागणार.